शर्यत, बंदी आणि कुंपण

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि त्या इतिहासावर जीव टाकणाऱ्या रसिकांनी १८९४ ते १९०३ ही नऊ वर्षे सुवर्णयुग मानली आहेत. या काळात फ्रान्समधील शर्यती एका शहरातून निघून उघड्या रस्त्याने दुसऱ्या शहराकडे जात, दोन्ही बाजूंना शेते आणि झाडांच्या रांगा असत, वाटेतल्या खेड्यांतील माणसे कामे टाकून रस्त्याच्या कडेला येत आणि ज्यांनी त्यापूर्वी मोटार पाहिलीही नव्हती त्यांच्या अंगणावरून जगातील सर्वांत वेगवान यंत्रे धुरळा उडवत निघून जात. त्या दिवसांची जुनी छायाचित्रे पाहताना आजही अनेकांना हुरहुर लागते आणि ती हुरहुर खरी आहे. मात्र तिच्यातून एक गोष्ट सहसा गळून पडते. ते युग हळूहळू मावळले नाही; ते एका दिवसात, सरकारी आदेशाने बंद पाडले गेले आणि आज मोटारींची शर्यत म्हणून जे ओळखले जाते त्याची घडण त्या बंदीनंतर झाली. महाराष्ट्रातील वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटावा, कारण येथील गावगाड्याची स्वतःची शर्यत, म्हणजे बैलांची शर्यत, अशीच बंद पडली आणि अशीच, नियमांचे दावे गळ्यात घालून, परत आली. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्यावर फ्रेंचांच्या अनुभवातील जो भाग मराठी चर्चेत आलाच नाही तो स्पष्ट दिसतो.

फ्रेंच कथेचा पूर्वार्ध बहुतेकांना माहीत असल्याने तो थोडक्यात सांगणे पुरे. 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राच्या पिएर जिफार या संपादकाने २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्याच्या गाड्यांची चाचणी भरवली. पुढच्या वर्षी एमिल लव्हासॉर याने पॅरिस–बोर्दो–पॅरिस हे ११७८ किलोमीटरचे अंतर जवळजवळ एकट्याने गाडी हाकत ४८ तास ४८ मिनिटांत तोडले, आणि त्याची गाडी दोनच आसनांची असल्यामुळे पहिले बक्षीस त्याला न देता मागाहून आलेल्या चार आसनी गाडीला देण्यात आले. त्यानंतर शर्यती लांबत गेल्या, इंजिने अवाढव्य झाली, ब्रेक मात्र दुबळेच राहिले. १९०१ साली पॅरिस–बर्लिन शर्यतीत एक मूल दगावले तेव्हा सरकारने बंदी घातली होती, पण ती टिकली नाही; जगात सर्वाधिक मोटारी फ्रान्समध्ये बनत होत्या आणि शर्यत हीच त्या उद्योगाची जाहिरात होती.

२४ मे १९०३ च्या पहाटे व्हर्सायहून माद्रिदकडे सुटलेल्या शर्यतीत दोनशेहून अधिक वाहने होती. एकूण अंतर सुमारे १३०० किलोमीटर, टप्पे तीन, त्यांपैकी पहिला बोर्दोपर्यंतचा. समकालीन अंदाज असे सांगतात की पहिल्याच टप्प्यावर वीस ते तीस लाख माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. त्यांना आवरण्यासाठी पोलीस आणि सैनिक नेमलेले होते, परंतु ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने येणारी वस्तू किती क्षणांत अंगावर येते याचा अंदाज त्या पिढीला नव्हता. घोड्याच्या वेगावर वाढलेली नजर दूरच्या धुळीचा ठिपका पाहून रस्त्यात उतरे आणि ठिपका तोवर पोहोचलेला असे. रस्ते खडीचे आणि कोरडे होते, त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडू पाहणारा चालक धुळीच्या भिंतीत शिरे आणि झाडांच्या शेंड्यांवरून वळणाचा अदमास घेई. अशाच धुळीत, कुए-व्हेराक या गावाजवळ, मोटारी बनवणाऱ्या रनो बंधूंपैकी मार्सेल याची गाडी उलटली आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. आंगुलेमजवळ रस्त्यात आलेल्या मुलाला चुकवताना एक गाडी गर्दीत घुसली. लॉरेन बॅरो याची गाडी कुत्र्याला धडकून झाडावर आदळली आणि त्याचा मेकॅनिक जागीच गेला. कामिय दु गास्त ही त्या शर्यतीतील एकमेव स्त्री-चालक बरीच पुढे आली होती, पण गाडीखाली सापडलेल्या सहकारी चालकाला मदत करण्यासाठी ती थांबली आणि मदत येईपर्यंत तिथून हलली नाही. त्या दिवशीच्या सगळ्या वेगाच्या आकड्यांपेक्षा ही एक कृती अधिक मोलाची आहे.

बोर्दोला सर्वांत आधी पोहोचला तो मार्सेलचा भाऊ लुई रनो. वेळेच्या हिशेबाने जिंकला मोर्स गाडीचा चालक फेर्नां गाब्रिएल, ज्याने ५५२ किलोमीटर अंतर ताशी १०५ किलोमीटरच्या सरासरीने कापले होते. परंतु निकाल जाहीर होण्यापूर्वीच पंतप्रधान एमिल कोंब यांच्या सरकारने शर्यत थांबवली होती आणि स्पेननेही आपल्या हद्दीत तिला मज्जाव केला. इंजिने सुरू करण्याचीही परवानगी न मिळाल्याने त्या मोटारी घोडे जुंपून रेल्वे स्थानकापर्यंत ओढत नेण्यात आल्या, असे बहुतेक वृत्तांतांत नमूद आहे. लुई रनो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

येथवरचा भाग स्मरणरंजनाच्या वाट्याला येतो. खरा अभ्यासाचा भाग यापुढचा आहे. फ्रेंच सरकारने शहर-ते-शहर शर्यत पुन्हा कधी होऊ दिली नाही, परंतु शर्यत या गोष्टीलाच गुन्हा ठरवले नाही. पर्याय आधीच तयार होता. १९०२ मध्ये बेल्जियममधील आर्देन प्रदेशात बास्तोन्यभोवतीच्या रस्त्यांचे वर्तुळ करून त्यावर फेऱ्या मारण्याची शर्यत झाली होती, आणि १९०३ च्या जुलैमध्ये, म्हणजे पॅरिस–माद्रिद शर्यतीतील अपघातांनंतर सहा आठवड्यांच्या आत, आयर्लंडमधील अथाय परिसरात गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत बंद रस्त्यावर झाली, जिच्यासाठी ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला होता. सार्वजनिक रस्ता काही तासांपुरता सार्वजनिक राहणार नाही आणि त्या काळात तिथे कोणी पाऊल ठेवणार नाही, एवढीच त्यामागची साधी कल्पना होती.

या कल्पनेचे पूर्ण रूप १९०६ च्या जूनमध्ये ल माँ शहराजवळ दिसले. ल माँ, सँ-काले आणि ला फेर्ते-बर्नार यांना जोडणारा १०३ किलोमीटरचा त्रिकोण निवडण्यात आला, त्यावर दोन दिवसांत रोज सहा अशा बारा फेऱ्या मारायच्या होत्या. सुमारे ६५ किलोमीटर लांबीचे लाकडी कुंपण उभारले गेले. सँ-काले गावातून गाड्या जाऊ नयेत म्हणून गावाला वळसा घालणारा फळ्यांचा रस्ता बांधला गेला; व्हिब्रेच्या जंगलातही असाच फळ्यांचा तुकडा होता. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर डांबर शिंपडण्यात आले, आणि या उपायानेच नवे दुखणे निर्माण केले, कारण उन्हात वितळलेले डांबर आणि खडी मागच्या चालकाच्या डोळ्यांत उडू लागली. रनो संघाचा चालक एदमोँ याचा चष्मा फुटून डोळे जायबंदी झाले, तरी बदली चालक देण्याची त्याची मागणी नियमांत बसत नसल्याने फेटाळली गेली. गाड्या नव्वद सेकंदांच्या अंतराने एकेक करून सोडल्या जात आणि निकाल घड्याळावर ठरे.

ती शर्यत जिंकणाऱ्या माणसाबद्दल मोटारप्रेमींनाही फारसे माहीत नसते. फेरेन्स सिस हा १८७३ मध्ये हंगेरीतील सेगहलोम गावी जन्मलेला, कुलुपे बनवण्याचे काम शिकलेला कारागीर. तो पॅरिसला आला, रनोंच्या कारखान्यात लागला आणि १९०२ च्या पॅरिस–व्हिएन्ना शर्यतीत लुई रनोच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसला. त्या काळी प्रत्येक गाडीत चालकाबरोबर एक मेकॅनिक असे. तेलाचा पंप मारणे, मागून येणाऱ्याकडे लक्ष ठेवणे आणि टायर फुटला की उतरून बदलणे ही त्याची कामे, आणि गाडी उलटली की दोघांचे नशीब एकच. मार्सेल गेला, लुईने गाडी सोडली, आणि शेजारच्या आसनावरचा हा मिस्त्री चालकाच्या आसनावर सरकला. १९०६ मध्ये त्याने १२३८ किलोमीटर अंतर सुमारे सव्वाबारा तासांत, ताशी १०१ किलोमीटरच्या सरासरीने कापून दुसऱ्या क्रमांकाला अर्ध्या तासाहून अधिक मागे टाकले. त्याच्या विजयात मिशलँ कंपनीच्या सुटणाऱ्या रिमचा वाटा मोठा होता: फुटलेला टायर चाकावरच सुरीने कापून नवा चढवण्यास पाव तास लागे, तर हवा भरलेल्या टायरसकट रिमच बदलण्यास चार मिनिटेही लागत नसत, आणि नियमानुसार हे काम चालक व मेकॅनिक या दोघांनीच करायचे होते. कारागिराच्या हातांना प्रथमच इतके महत्त्व आले होते आणि जिंकलाही कारागीरच. १९४४ मध्ये ओफार्जी या खेड्यात त्याचे निधन झाले.

हिंदुस्थानात मोटार आली ती संस्थानिक, गोरे अधिकारी आणि मुंबईचे धनिक यांच्या दारात. १९०४ मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी सुमारे १३०० किलोमीटरची चाचणी भरवली, तिचा हेतू येथील रस्त्यांवर मोटार टिकते की नाही हे पाहण्याचा होता. हे अंतर पॅरिस–माद्रिद इतकेच आहे हा योगायोग लक्षणीय असला तरी त्या चाचणीने खेड्यांत मूळ धरले नाही. मोटारीचा वेग हा महाराष्ट्रातील खेड्याचा स्वतःचा वेग कधीच नव्हता. तो बैलाचा होता. वसईसारख्या रेल्वेच्या काठावरील तालुक्यातही केळी, पाने आणि भाजी वाडीतून स्थानकापर्यंत बैलगाडीनेच जाई, आणि अर्नाळ्यापासून दक्षिणेला राजोडी, कळंब, भुईगाव अशी पसरलेली पुळण, म्हणजे ओहोटीला घट्ट होणारी समुद्रकाठची वाळू, ही चाकांना कोणत्याही खडीच्या रस्त्याइतकीच मोकळी वाट देई. अशाच पुळणीवर खाली अलिबागच्या बाजूला बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती रंगत आल्या आहेत.

बैलांच्या शर्यतीचे एकच रूप नाही. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या भागात ती बैलगाड्याची. तिची धावपट्टी चढाची असते आणि तिला घाट म्हणतात, गाड्याला चार बैल जुंपतात आणि परंपरेने त्यांच्यापुढे घोडी व तिच्यावर स्वार असतो. प्रत्येक गाडा एकेकटा धावतो, या एका धावेला बारी म्हणतात, आणि निकाल सेकंदांवर लागतो. निमगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या यात्रांत या बाऱ्या दिवसभर चालतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हलक्या छकड्याला दोन बैल जुंपून अनेक गाड्या एकाच वेळी सोडतात. विदर्भात हिला शंकरपट म्हणतात, तेथे जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वदूर प्रसिद्ध आहे. ठाणे-रायगड पट्ट्यात दोन जोड्यांची समोरासमोर लागणारी बिनजोड लोकप्रिय आहे. यांतील पुण्याची पद्धत १९०६ च्या ल माँ शर्यतीशी किती जुळते हे पाहण्याजोगे आहे. दोन्हीकडे स्पर्धक एकेक सुटतो, शेजारी कोणी नसते, लढत घड्याळाशी असते आणि पाहणाऱ्याला कोण जिंकतो आहे हे डोळ्यांनी न कळता पुकाऱ्यावरून कळते. तरीही माणसे उन्हात तासन् तास उभी राहतात.

मोटारीने या शर्यतीला स्पर्श केला तो वेगळ्याच वाटेने. ट्रॅक्टर आला, नांगरट आणि वाहतूक बैलाच्या खांद्यावरून उतरली, आणि खिल्लारसारख्या चपळ, काटक, परंतु दुधाला बेताच्या गोवंशाची शेतातील गरज घटत गेली. ज्या घरात पूर्वी बैल कामासाठी असत आणि वर्षातून एकदा यात्रेत धावत, तेथे आता केवळ धावण्यासाठी खोंड सांभाळला जाऊ लागला. हा बदल समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. शर्यतीचे समर्थक ज्या परंपरेबद्दल बोलत होते ती कामाच्या बैलाची परंपरा होती, आणि विरोधक ज्या प्राण्याबद्दल बोलत होते तो बक्षिसासाठी पोसलेला बैल होता. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा कागद अगदी छोटा आहे आणि तो फारच थोड्यांनी मुळातून वाचला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या पाचव्या प्रकरणात 'खेळ करणाऱ्या प्राण्यां'बद्दल तरतुदी आहेत. त्यांतील २२ वे कलम असे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्राण्यांची नावे जाहीर करील त्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत आणि त्यासाठी त्यांना शिकवताही येणार नाही. हे प्रकरण सर्कशी, दरवेशी आणि मदारी यांच्यासाठी लिहिलेले आहे. २ मार्च १९९१ च्या अधिसूचनेत पाच प्राणी होते: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा. सर्कसवाले न्यायालयात गेले, फेरविचार झाला, आणि १४ ऑक्टोबर १९९८ ची नवी यादी आली, तीत कुत्रा वगळला गेला व सिंह आला. ११ जुलै २०११ रोजी ही यादी पुन्हा निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह, आणि त्यांच्यामागे एक नवे नाव: बैल.

राजपत्रातील त्या एका नावाने महाराष्ट्राच्या शेकडो गावांच्या यात्रांचे स्वरूप बदलले. राज्य सरकारने २४ ऑगस्ट २०११ रोजी बैलगाड्यांच्या शर्यती, त्यांचे खेळ, प्रशिक्षण आणि प्रदर्शन या सर्वांना मनाई केली, आणि १२ मार्च २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. या यादीत बैल जेथे बसवला गेला ती जागाच चुकीची होती, असे म्हणणे भाग आहे. इतर पाच प्राणी वन्य जातींचे आहेत आणि त्यांना माणसाने केवळ खेळासाठी ताब्यात ठेवलेले असते. बैल मात्र गोठ्यात जन्मतो, माणसाच्या कामासाठी पाळला जातो, आणि त्याचा उपयोग संपला की तो रानात जात नाही, बाजारात जातो. क्रूरता थांबवण्यासाठी त्याच कायद्याचे ११ वे कलम उपलब्ध होते, ज्यात मारहाण, अतिश्रम, इजा आणि यातना देणारी वागणूक हा गुन्हा आहे. ते कलम गावोगावी राबवणे अवघड होते, यादीत एक नाव घालणे सोपे होते. सोपे ते केले गेले.

मात्र बंदी मागणाऱ्यांच्या पुराव्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेपटी पिरगाळणे आणि चावणे, खिळा लावलेल्या पराणीने, म्हणजे टोचण्याच्या काठीने, रक्त काढणे, विजेचा झटका देणे हे प्रकार शर्यतींत घडत होते, आणि ज्यांनी घाटावर उभे राहून ते पाहिले आहेत त्यांनी ते नाकारू नयेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकीचंद्र घोष यांच्या खंडपीठाने ए. नागराज प्रकरणात तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोहोंवर बंदी कायम केली, तेव्हा त्यांनी या यातनांची दखल सविस्तर घेतली. त्या निकालाचा दुसरा आधार अधिक विवाद्य आहे. बैल हा ओढकाम करणारा प्राणी असून घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याच्या शरीराची रचना झालेली नाही, असे प्रतिपादन न्यायालयाने केले.

या मुद्द्याने वादाला एक अनपेक्षित वळण दिले. बैल धावतो की नाही हे ज्याने खिल्लार पाहिला आहे त्याला विचारण्याची गरज नाही, पण न्यायालयात पुरावा लागतो. म्हणून पुढे राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, आणि जी गोष्ट पिढ्यान् पिढ्या घाटावर सेकंदांत मोजली जात होती ती पशुवैद्यकांच्या अहवालात मांडली गेली. येथे १९०३ ची आठवण उपयोगी पडते. माणसाचा डोळा आणि माणसाची प्रतिक्रिया ताशी सव्वाशे किलोमीटरसाठी घडलेली नाही, हे विधान त्या वर्षी कोणी केले असते तर ते शंभर टक्के खरे ठरले असते आणि त्यावरून मोटारीची शर्यत कायमची बंद करता आली असती. फ्रेंचांनी शरीररचनेचा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारले की अपघात कोठे झाले, कोणाला झाले आणि तेथे कोण उभे होते.

बंदीच्या काळाबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. शर्यती पूर्ण थांबल्या नाहीत, त्या माळावर आणि पहाटेच्या अंधारात गेल्या, जेथे पशुवैद्यक नव्हता, कुंपण नव्हते आणि नियमही नव्हते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यात झरे येथे बंदी उघड मोडून शर्यत घेण्यात आली. केंद्राने ७ जानेवारी २०१६ रोजी अधिसूचना काढून बैलांच्या पारंपरिक शर्यतींना सूट देण्याचा प्रयत्न केला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने पाचच दिवसांत स्थगिती दिली. पुढच्या वर्षी जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूच्या समर्थनार्थ जनसमुदाय जमला, तमिळनाडूने कायदा केला, आणि त्यापाठोपाठ एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मूळ कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती मंजूर केली. राष्ट्रपतींची संमती मिळाली, परंतु नियम तयार नव्हते, आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत शर्यतींना परवानगी देऊ नये असे सांगितले. पुढे प्रकरण घटनापीठाकडे गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना नव्या कायद्याच्या चौकटीत तात्पुरती वाट मोकळी करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणे न्यायालयापेक्षा विधिमंडळाला अधिक शोभते, असे घटनापीठाने म्हटले, आणि नियम काटेकोर पाळले जातात हे पाहण्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

नव्या नियमांतील शर्यत जुन्या शर्यतीहून वेगळी आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, धावण्याचे अंतर एक हजार मीटरच्या आत, काठी, चाबूक, पराणी आणि विजेचा झटका देणारे साधन यांना मनाई, आणि कायदा मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. जुन्या घाटकऱ्यांपैकी काहींना ही शर्यत बांधलेली वाटते. जशी पॅरिस–बोर्दोचा काळ पाहिलेल्यांना ल माँची कुंपणातली शर्यत वाटली असेल, तशीच. परंतु ज्या हुरहुरीला मोकळेपणा आठवतो आणि त्या मोकळेपणाची किंमत कोणी मोजली ते आठवत नाही, तिच्यावर शर्यतीचे भविष्य सोपवता येणार नाही. पराणीवरची बंदी ही शर्यतीवरची मेहेरबानी आहे. हाकणाऱ्याच्या आवाजावर आणि हाताळणीवर धावणारा बैल हाच खऱ्या गाडामालकाचा अभिमान असायला हवा, आणि असे गाडामालक बंदीपूर्वीही होते.

फ्रेंचांच्या अनुभवातील जो भाग येथे आलाच नाही, तो माणसांचा आहे. वाद प्राण्यांच्या कायद्याखाली चालला, त्यामुळे एका तपाच्या सुनावण्यांत, प्रतिज्ञापत्रांत आणि निकालांत चर्चेचा केंद्रबिंदू बैल राहिला, आणि ते स्वाभाविक होते. पण घाटावर बुजलेली जोडी धावपट्टी सोडून कडेच्या गर्दीत शिरते तेव्हा कोण चिरडले जाते याचे उत्तर त्या कायद्यात शोधून मिळणार नाही. अशा घटना शर्यती परत सुरू झाल्यापासून राज्याच्या निरनिराळ्या भागांत घडल्या आहेत, प्रेक्षक जखमी झाले आहेत, प्राणही गेले आहेत. निशाण पडताच माणसे धावपट्टीच्या तोंडाशी सरकतात, मोबाइल उंचावून चित्रण करतात, आणि जोडी अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. १९०३ च्या छायाचित्रांत बोर्दोच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांची रांग याहून निराळी नाही: मधोमध एक अरुंद फट, दोन्ही बाजूंना माना पुढे काढलेले लोक, आणि फटीतून येणारी गाडी.

कुंपण हेही एकदा घातले की संपणारे काम नव्हे. त्याच ल माँ शहराजवळ, पण निराळ्या धावमार्गावर, ११ जून १९५५ रोजी पिएर लव्हेग याची मर्सिडीज बांध ओलांडून प्रेक्षकांवर कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली; शेजारच्या स्वित्झर्लंडने वर्तुळाकार मार्गावरील मोटारशर्यतींवर त्यानंतर कायद्याने बंदी घातली आणि ती अनेक दशके पाळली. फ्रान्सने प्रेक्षकांच्या जागा मागे घेतल्या, धावमार्ग रुंद केला आणि शर्यत चालू ठेवली. महाराष्ट्रात यात्रा समित्या प्रत्येक गाड्याकडून प्रवेश फी घेतात, बक्षिसांसाठी मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि चारचाकी गाड्या उभ्या करतात, मंडप आणि ध्वनिक्षेपक लावतात. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना, आणि विशेषतः निशाणापलीकडे जेथे जोड्या थांबायच्या असतात तेथे, छातीइतक्या उंचीचे भक्कम लाकडी किंवा लोखंडी कठडे उभारण्यास लागणारा खर्च या बक्षिसांपैकी एका चारचाकीपेक्षा जास्त नसावा. परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतो तेव्हा बैलांच्या तपासणीच्या दाखल्याबरोबरच त्या कठड्याचा आराखडाही जोडलेला असावा, अशी अट घालण्यास नव्या कायद्याची किंवा नव्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. घटनापीठाने जबाबदारी ज्या कार्यालयावर टाकली आहे त्याच कार्यालयाला ही अट आगामी यात्रांच्या हंगामापासून घालता येईल.